तुकड्याचा उपयोग काय?

पालिकेचा फॉर्म बेचाळीस घरांच्या दाराखालून आत सरकला, पण तो शेवटपर्यंत वाचणारा माणूस दोन्ही इमारतींत मिळून एकच निघाला, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. बाकीच्या एकेचाळीस फॉर्मांचं लोकांनी जे करायचं तेच केलं. कोणी कपाटाच्या खणात अंथरला, कोणी त्याच्या पाठीवर गॅसवाल्याचा नंबर लिहिला, आणि तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी चार घड्या घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला.

काटेसाहेबांनी मात्र चष्मा पुसला आणि पेन काढलं. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला लोक काटेसाहेब म्हणणार नाहीत तर काय म्हणतील? निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांची मोजण्याची खोड काही निवृत्त झाली नव्हती. खरं नाव त्यांना स्वतःलासुद्धा फक्त सही करताना आठवत असे.

फॉर्मचा विषय होता, 'आपल्या परिसरातील लहान हिरव्या जागांबाबत नागरिकांचा अभिप्राय'. आता त्या वसाहतीत लहान हिरवी जागा कुठली, हे ऐन वेळी कोणी विचारलं असतं तर लोकांनी डोकंच खाजवलं असतं. तर ती म्हणजे दोन इमारती आणि छापखान्याची मागची भिंत यांच्या बेचक्यात उरलेली एक तिकोनी जागा. बांधणाऱ्याच्या हिशेबात चुकून शिल्लक राहिलेली. एक वाकडं झाड, ज्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं, एक बाक, आणि गवत, जे उगवायला कोणी सांगितलं नव्हतं. बाग म्हणण्याइतका मान तिला कोणी दिला नव्हता. सगळे तिला नुसतं 'तुकडा' म्हणत.

प्रश्न पहिला : आपण ही जागा वापरता का? काटेसाहेबांनी लिहिलं, नाही. प्रश्न दुसरा : इतर कोणी वापरताना आपण पाहिले आहे का? त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं आणि लिहिलं, नाही. (त्यांच्या घराच्या सगळ्या खिडक्या रस्त्याकडे होत्या, हा बारकावा लिहायला फॉर्मात जागा नव्हती.) प्रश्न तिसरा : या जागेचे मूल्य आपण दहापैकी किती ठरवाल? इथे मात्र ते अर्धा तास अडले. कमी तोलणं हा त्यांच्या लेखी गुन्हा आणि उगाच जास्त तोलणं हाही गुन्हाच. शेवटी एक गुण झाडाला, आणि एक गुण ती जागा कोणाला त्रास देत नाही म्हणून, असे दोन गुण त्यांनी दिले. तळाशी तुकड्याच्या तिन्ही बाजूंची लांबी लिहिली, जी कोणीही विचारली नव्हती. दुसऱ्या दिवशी स्वतः कचेरीत जाऊन फॉर्म दिला आणि पोच घेतली.

दोन महिन्यांनी झाडाला पाटी लागली. 'प्राप्त अभिप्रायांपैकी शंभर टक्के नागरिकांच्या मते सदर जागा वापरात नाही. सबब येथे दुचाकी वाहनतळ करण्याचे प्रस्तावित आहे. हरकती तीस दिवसांत.'

काटेसाहेब दूध घेऊन परत येत होते. पाटी त्यांनी दोनदा वाचली. शंभर टक्के! इतकं एकमत या वसाहतीत कधी जिन्याच्या रंगावरसुद्धा झालं नव्हतं. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की शंभर टक्के म्हणजे आपणच.

"वहिनींची मात्र पंचाईत झाली हो," मागून आवाज आला. हे स्टेशनमास्तर. म्हणजे निवृत्तच, पण आवाज अजून फलाटाच्या या टोकाचा त्या टोकाला जाईल असा. वसाहतीचे अध्यक्षही तेच.

"कुठल्या वहिनींची?"

"कुठल्या म्हणजे? तुमच्या! रोज चार ते पाच या बाकावर बसलेल्या असतात. बारा वर्षं बघतोय मी. बरोबर चारच्या ठोक्याला येतात. आमच्या वेळी गाड्या अशा आल्या असत्या तर!"

काटेसाहेबांना हे कळायला वेळ लागला. ते जेवून साडेतीनला आडवे होत आणि पाचला उठून वसाहतीचा पंप सुरू करत. परत आले की समोर चहा येई. मधल्या वेळात बायको घरातच असते, असं त्यांनी ठरवलंही नव्हतं, कारण ठरवायची कधी वेळच आली नव्हती.

त्या दुपारी ते डोळे मिटून नुसते पडून राहिले. चारला बायकोच्या चपला वाजल्या. मग दाराची कडी. ती मात्र वाजली नाही. ती कडी वाजल्याशिवाय लागत नाही, हे काटेसाहेबांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची झोप मोडू नये म्हणून ती कडी न वाजवता लावायला बायको केव्हा तरी शिकली होती. ते उठले, जिन्यातल्या मागच्या झरोक्याशी गेले आणि त्यांनी खाली पाहिलं. बायको बाकावर बसली होती. पाटीकडे पाठ करून. हातात विणकाम नाही, फोन नाही, भाजी नाही. दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवलेले. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, आणि तिचे हात रिकामे असलेले काटेसाहेबांनी आज पहिल्यांदा पाहिले.

संध्याकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पाटी वाचलीस?"

"वाचली."

"मग?"

"मग काय. शंभर टक्के लोकांचं म्हणणं आहे, तर करतील वाहनतळ."

काटेसाहेबांनी घसा साफ केला. "अगं, ते शंभर टक्के मी आहे."

 बायको रागावली असती तर बरं झालं असतं. "एकदा मला विचारायचं होतंत," एवढंच ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली. काटेसाहेबांच्या कारकिर्दीत दुकानदारांनी त्यांना शिव्या दिल्या होत्या, एकाने तर वजन फेकून मारलं होतं, पण इतकं कधी लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी ते दारात. खिडकीतल्या बाईंनी त्यांचं नाव ऐकलं आणि त्या उठून उभ्याच राहिल्या.

"तुम्हीच का ते? अहो, इतका नीट भरलेला फॉर्म आम्ही पहिल्यांदाच पाहिला. नमुना म्हणून लावलाय बघा!"

खरंच, भिंतीवर त्यांचा फॉर्म चिकटवलेला होता आणि वर लाल शाईत लिहिलं होतं, 'असा भरावा'. काटेसाहेबांची छाती क्षणभर फुगली. खोटं कशाला सांगा, क्षणभराहून थोडी जास्तच फुगली. मग आपण कशाला आलोय ते त्यांना आठवलं.

"मला हा अभिप्राय मागे घ्यायचाय."

"का? खोटं लिहिलंय का त्यात?"

"छे! सगळं खरं आहे. पण बरोबर नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "साहेब, खरं आहे पण बरोबर नाही, असा रकाना आमच्याकडे नाही."

"मग मी हरकत घेतो."

"स्वतःच्याच अभिप्रायावर हरकत घेता येत नाही."

"माझी बायको घेईल."

"एका घराचा एकच अभिप्राय धरतात."

असं बराच वेळ चाललं. शेवटी बाईंना दया आली, म्हणा किंवा मागची रांग वाढली म्हणा. त्यांनी खणातून एक जाडजूड तक्ता काढला. याला म्हणायचं वापर-गणना. सात दिवस, रोज सहा तास, दर पंधरा मिनिटांनी किती माणसं आली आणि काय करत होती, ते भरायचं. मग बागांचे साहेब स्वतः येऊन पाहणी करतील. कामांना आकडे दिलेले होते. एक म्हणजे व्यायाम, दोन खेळ, तीन वाचन, चार सामूहिक उपक्रम.

"नुसतं बसणं कितव्या आकड्यात येतं?"

बाईंनी तक्ता उलटा करून पाहिला. "नुसतं बसणं... हं. निष्क्रिय उपस्थिती. ती मोजत नाहीत."

काटेसाहेब तक्ता घेऊन घरी आले आणि खरं सांगायचं तर मनातून थोडे खूशच झाले. मोजायचं काम! दुसऱ्या दिवशी सकाळी घडीची खुर्ची, गळ्यात घड्याळ, पॅडला लावलेला तक्ता, डोक्यावर टोपी अशा थाटात ते तुकड्यात झाडाखाली जाऊन बसले.

अकरा वाजता छापखान्यातला खिळे जुळवणारा जुळारी फोन कानाला लावत आत आला, टोपी आणि पॅड बघून थबकला आणि "राँग नंबर" असं मोठ्याने म्हणून परत गेला. बाराला दातांचे डॉक्टर पांढऱ्या कोटात आले. काटेसाहेबांनी पेन सरसावल्याबरोबर ते भिंतीवरचा पाइप ठोकून पाहू लागले आणि गळत नाही याबद्दल समाधान व्यक्त करून निघून गेले. दुपारी एक तरुण जोडी आली. काटेसाहेबांनी अदबीने उठून विचारलं, "आपला इथे येण्याचा उद्देश?" ती दोघं जी पळाली, ती बहुधा एकमेकांनाही पुन्हा भेटली नसतील. मग एक मांजर आलं. ते बराच वेळ थांबलं, पण माणूस नव्हतं.

चार वाजले. काटेसाहेबांनी बाकावरची धूळ रुमालाने झटकून ठेवली होती. बायको इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत आली, तिने त्यांना पाहिलं आणि ती परत फिरली.

पहिल्या दिवसाची बेरीज शून्य. काटेसाहेब स्वतः सहा तास तिथे होते, पण मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नसतं, हा त्यांचा चौतीस वर्षांचा शिरस्ता. दुसरा दिवस शून्य. तिसरा शून्य. आधी एकाच माणसाचं मत होतं, आता सहीशिक्क्याचा पुरावाच तयार होऊ लागला.

तिसऱ्या रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. "तू येत का नाहीस?"

"तुम्ही असता ना."

"मग? मी काय बोलणार होतो का तुला?"

"मोजलं असतंत."

काटेसाहेबांनी घास तसाच धरून ठेवला. "पण तू तिथे करतेस तरी काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही!" मग तिला त्यांची दया आली असावी. आवाज खाली आणून ती म्हणाली, "अहो, या घरात मी कुठेही बसले ना, तरी कोणाची तरी काहीतरी असते. तुमची, मुलीची, सासूबाई होत्या तेव्हा त्यांची. स्वयंपाकघरात बसले तर स्वयंपाकाची. तिथे बसले की तासभर मी कोणाची काहीच नसते. बरं वाटतं. पाच वाजता मग मी आपण होऊन घरी येते." आणि मग ती म्हणाली, "आता ते कितव्या आकड्यात बसतं ते तुम्हीच बघा."

काटेसाहेबांनी तक्ता काढला नाही. त्यांना रात्रभर झोप लागली नाही, पण बायकोला कळू नये म्हणून ते हललेही नाहीत.

सात दिवस झाले, तक्त्यात सात शून्यं जमली, आणि पाहणी गुरुवारी तीन वाजता ठरली. काटेसाहेब तक्ता घेऊन स्टेशनमास्तरांकडे गेले. चूक म्हणतात ती हीच. सल्ला विचारायला गेलेला माणूस स्टेशनमास्तरांकडून फक्त सल्ला घेऊन कधीच परत येत नसे.

"सोपं आहे!" स्टेशनमास्तर म्हणाले. "वापर होत नाही ना? मग आपण करवू. साहेब येतील तेव्हा चार-पाच माणसं इथे दिसली की झालं. तुम्ही फक्त निश्चिंत राहा. मी वेळापत्रक लावतो."

वेळापत्रक हा शब्द ऐकूनच काटेसाहेबांनी सावध व्हायला हवं होतं. पण ते बिचारे त्या वेळी एकाच गोष्टीचा विचार करत होते. गुरुवारी सकाळी ते बायकोला म्हणाले, "आज चारला ये. मी मोजत नाही. पाहणी तोवर उरकलेली असेल. शपथ." बायको हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

पावणेतीनला ते खाली उतरले आणि त्यांना तुकडाच दिसेना. माणसंच माणसं! चार-पाच म्हणता म्हणता स्टेशनमास्तरांनी दोन्ही इमारती रिकाम्या केल्या होत्या. तीन ते तीन-आठ व्यायाम, तीन-आठ ते तीन-सोळा वाचन, मग खेळ, मग सामूहिक उपक्रम, आणि साहेब आलेच नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. शिट्टी त्यांच्याकडे होतीच. तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई पंधरा शिष्या घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी प्लास्टिकचा हातभर लांब जबडा आणून दात घासण्याचं प्रात्यक्षिक लावलं होतं. छापखान्याची माणसं रस्सीखेच खेळायच्या तयारीत होती. ज्यांनी बारा वर्षांत या तुकड्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, तीही माणसं आज तावातावाने गवतावर पुस्तकं उघडून बसली होती.

साहेब तीनला आले नाहीत. साडेतीनलाही नाहीत. शिट्ट्या वाजत राहिल्या. दुसऱ्या फेरीच्या वाचनात बाकावर एकदम नऊ वाचक बसले, आणि बाकाची मधली फळी काडकन मोडली. रस्सीखेचीत छापखाना जिंकला आणि हरलेली बाजू उभ्या गवतावरून घसरत भिंतीपर्यंत गेली. झाडाच्या एका फांदीला कोणीतरी डॉक्टरांचा जबडा लटकवला. चारला पाच मिनिटं कमी असताना साहेब आले. पोक्त, दमलेले, काखेत फाइल. त्यांनी तो प्रकार पाहिला, लिहायला सुरुवात केली, आणि काटेसाहेबांनी मान वाकडी करून वाचलं : 'अतिवापर. माती उघडी पडली आहे. संपूर्ण जागेत फरशी घालावी. झाड अडथळा.'

"अहो साहेब, फरशी कशाला..." काटेसाहेब म्हणाले, आणि तेवढ्यात चार वाजले.

बायको कोपऱ्यावर उभी होती. नेहमीची चप्पल, पण साडी बदललेली. तिने गर्दीवरून नजर फिरवली, मोडक्या बाकाकडे पाहिलं, आणि जिथे आपलं काही काम नाही अशा घरात चुकून शिरल्यासारखी ती ओशाळून मागे सरली.

काटेसाहेब साहेबांना अर्ध्या वाक्यात सोडून धावले. आयुष्यात सरकारी माणसाशी ते असे वागले नव्हते. बायको जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती.

"छान झालं," ती म्हणाली. "किती लोक आले. आता वाचेल हो तुमची जागा." मग तिचा आवाज एकदम कापला. "पण मी आता कुठे बसू?"

 काटेसाहेबांना रडू येईलसं वाटलं, आणि ते तिथे रडण्यापेक्षा परत तुकड्यात गेले, स्टेशनमास्तरांच्या हातातून शिट्टी घेतली आणि स्वतः जोरात वाजवली.

"साहेब, हा सगळा बनाव आहे," ते म्हणाले. "यातलं कोणीही इथे व्यायाम करत नाही, वाचत नाही, खेळत नाही. फॉर्म मी भरला. गणना मी केली. दोन्ही चुकली, कारण जे मोजता येतं तेवढंच मी बघितलं. माझी बायको इथे रोज तासभर नुसती बसते. तिला त्याने बरं वाटतं. तुमच्या तक्त्यात त्याला आकडा नाही. मग तो तक्ता खोटा आहे. मी वजनं तपासण्यात जन्म घालवलाय, मला खोटं माप ओळखता येतं."

 डॉक्टरांनी जबडा फांदीवरून काढला आणि ते खाकरले. "मीही येतो. दोन पेशंटच्या मध्ये. पाच मिनिटं."

"पाइप बघायला?" काटेसाहेबांनी विचारलं.

"पाइप कसला! दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात बघायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला नाही कळणार. इथे बघायला तोंड नसतं."

जुळारी म्हणाला की तो इथून आईला फोन करतो, कारण छापखान्यात यंत्रांमुळे ओरडावं लागतं, आणि मग आईला वाटतं की आपण तिच्यावरच ओरडतोय. गाण्याच्या बाई म्हणाल्या की त्या पहाटे येतात आणि गात नाहीत. शेवटी स्टेशनमास्तर. त्यांचा आवाज काटेसाहेबांनी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"मी सकाळी उभा राहतो जरा झाडापाशी," ते म्हणाले. "इथे काही येत नाही, काही सुटत नाही. उशीर झाला म्हणून कोणी ओरडत नाही. चाळीस वर्षांनी जरा निवांत वाटतं."

"अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?" साहेबांनी वैतागून विचारलं.

"सांगायचं काय त्यात?" स्टेशनमास्तर म्हणाले. "करत कोणीच काही नव्हतं ना!"

साहेबांनी मोडक्या बाकाच्या धड टोकावर बूड टेकलं आणि फाइल मांडीवर घेतली. "आता माझी गोची बघा. फॉर्म म्हणतो वापर नाही. गणना म्हणते शून्य. पाहणी म्हणते अतिवापर. तिन्हीवर सह्या आहेत. अशी तफावत आली की नियमाप्रमाणे फेरतपासणी. तोवर जैसे थे."

"फेरतपासणी कधी?" काटेसाहेबांनी धास्तावून विचारलं.

"सध्या आमच्याकडे नऊ वर्षांपूर्वीच्या चालू आहेत."

काटेसाहेबांनी आयुष्यात एकही फाइल उद्यावर टाकली नव्हती, आणि टाकणाऱ्यांना त्यांनी माणसात धरलं नव्हतं. पण ते ऐकून त्यांनी साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बाकाची फळी त्यांनी स्वतः बसवली. पाणसळ लावून बसवली, त्यामुळे त्या वसाहतीत आता नेमकी सपाट अशी तेवढी एकच वस्तू आहे. गवत यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत काटेसाहेब दुपारी झोपले नाहीत, पण चार ते पाच तुकड्याच्या बाजूला फिरकलेही नाहीत. घरात बसून स्वतःचा चहा स्वतः करायला शिकले. सुरुवातीला तो इतका वाईट होत असे, की त्यांनी दुकानात जाऊन चहापत्तीचं वजन तपासलं. पण पाचला बायको घरी आली की तिच्यासाठी तयार कप असे. तीही बिचारी तो पिऊन टाकी.

आणि मग एका दुपारी चारला ती दारात थांबली. "येताय का?"

"मी? कशाला?"

"काही करायला नाही. बोलायचंही नाही. चालेल का?"

चालेल, असं काटेसाहेब म्हणाले आणि निघाले. बाकावर बसल्यावर पहिली पाच मिनिटं त्यांना फार जड गेली. झाडाची पानं मोजायला त्यांनी सुरुवात केली होती, पण तिसाव्या पानाशी ती मोजणी त्यांनी आपण होऊन सोडून दिली. वारा चांगला होता. छापखान्याच्या भिंतीवर उन्हाचा पट्टा सरकत होता. शेजारी बायको होती, आणि आपण तिच्या शेजारी आहोत, याहून जास्त काही त्या वेळी चाललेलं नव्हतं. काटेसाहेबांना तिच्याविषयी एकदम फार माया दाटून आली. बोलायचं नाही म्हणून ते बोलले नाहीत.

थोड्या वेळाने तिची मान कलली आणि त्यांच्या खांद्यावर आली. दिवसाउजेडी तिला झोपलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आता वसाहतीचे चिटणीस या नात्याने पाण्याचा पंप रोज पाचच्या ठोक्याला सुरू करणं हे काटेसाहेबांचं काम, आणि पंपाची किल्ली त्यांच्या खिशात. पाच वाजले. खांदा बधिर झाला. सव्वापाचला वरून हाका सुरू झाल्या. काटेसाहेबांनी मोकळा हात वर करून सगळ्या इमारतीला गप्प बसायची खूण केली आणि ते हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तक्रारवहीत डॉक्टरांनी लिहिलं होतं : 'काल पंप वीस मिनिटे उशिरा. चूळ भरायला पाणी नाही. पेशंट तोंडात औषध धरून बसून. कारण कळावे.'

काटेसाहेबांनी खाली उत्तर लिहिलं : 'तक्रार रास्त आहे. उशीर वीस नव्हे, तेवीस मिनिटांचा. कारण : बायकोला बाकावर झोप लागली होती.'

वही अध्यक्षांकडे गेली. चाळीस वर्षांत कुठल्याही गाडीच्या उशिराचं कुठलंही कारण मान्य न केलेल्या स्टेशनमास्तरांनी ते वाचलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि खाली शेरा मारला : 'कारण योग्य. पुन्हा असे झाल्यास कळविण्याची गरज नाही.'